रबर बदला, डायलला हात लावू नका

डायव्हर घड्याळं जमवणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मराठवाड्याला समुद्र नाही, पण समुद्रासाठी केलेली घड्याळं मनगटावर आणि कपाटात बरीच आहेत, हे या वेळच्या टपालावरून दिसलं. सारखे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०० मीटरचं मर्यादित आवृत्तीतलं ऑटोमॅटिक डायव्हर आहे. जुलैत पट्टा बदलायला दिलं तेव्हा घड्याळजीने मागचं झाकणही उघडून पाहिलं. पुढच्याच आठवड्यात विहिरीत पोहताना काचेच्या आतून वाफ धरली. बाहेर आल्यावर पंधरा मिनिटांत ती गेली. पाणी आत गेलं का? (पैठण)

बहुधा नाही. पाणी नाही, जुलै आत गेला.

झाकण उघडलं की घड्याळाच्या पोटात त्या दिवसाची हवा शिरते आणि झाकण लागलं की तीच कोंडून राहते. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याखाली जे काही थंड होईल त्यावर दव धरणार. हातावरचं घड्याळ तिशीच्या वरच असतं, तेव्हा काही दिसत नाही. विहिरीत उडी मारली की काच आधी थंड होते. मागचं झाकण मनगटाला टेकलेलं असल्यामुळे उबदार राहतं. पाणी पंचविशीचं असलं तरी एवढा फरक पुरतो आणि दव नेमकं काचेच्या आतल्या अंगाला धरतं. हेच झाकण फेब्रुवारीत दुपारी उघडलं असतं तर ३० अंश आणि २५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ८ अंशांच्या जवळ असता. मग विहिरीच्या पाण्याची काय बिशाद!

त्यामुळे आपल्याकडे पाण्यात जाणाऱ्या घड्याळाचं झाकण डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या दिवसांत उघडावं. पावसाळ्यात अडलंच तर एसी तासभर चालू असलेल्या खोलीत. आणि पट्टा बदलण्यासाठी झाकण उघडावं लागतच नाही, हे घड्याळजीला गोडीत सांगून ठेवा.

आता खात्री कशी करायची? डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. त्यातली दव-चाचणी घरी जमण्यासारखी आहे. चावी (काटे फिरवायची बाजूची गुंडी) घट्ट बसवा. घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या सपाट धातूवर उताणं ठेवून वीसेक मिनिटं तापू द्या. मे महिन्यात लातूर-नांदेडकडे यासाठी गॅस पेटवायचीही गरज नाही, पत्र्याच्या खोलीतली स्टीलची ताटली पुरते. फक्त थर्मामीटर लावून बघा, ४५ च्या वर नको. मग काचेच्या मध्यावर माठातल्या पाण्याचा एक थेंब टाका. पाणी १८ ते २५ अंशांचं हवं, माठाचं साधारण त्यातच बसतं. एक मिनिटाने थेंब पुसा. काचेच्या आत थेंबाच्या जागी धुकट गोल दिसला तर आत ओल आहे.

ओल जुनी, कोंडलेली आहे की रोज आत येते आहे, हे एका चाचणीत कळत नाही. कोरड्या दिवशी झाकण उघडून, रबर रिंग बदलून पुन्हा बंद करा आणि लगेच चाचणी घ्या. मग चार-पाच वेळा पोहा आणि महिन्याभराने परत घ्या. दुसऱ्या वेळी धुकं आलं तर गळती आहे, आणि बहुतेक वेळा ती चावीतून असते.

रिंग बदलताना जुनीच्या मापाची हवी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरकही चालत नाही. जाड रिंग चिमटते आणि तिचा एखादा लूप बाहेर येतो. झाकण लागलेलं दिसतं, पण तिथूनच पाणी शिरतं. रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा नुसता ओलसर हात फिरवायचा. खोबरेल तेल, व्हॅसलीन, सायकलचं ग्रीस यांपैकी काही नको. आपल्या उन्हाळ्यात ते वितळून पसरतं आणि धूळ धरून ठेवतं. झाकणाबरोबर चावीच्या आतली रिंगही बदला. रोज घासली जाते ती तीच, आणि नेमकी तीच राहून जाते.

दाब-चाचणीबद्दल एक. दुकानातली बरीच यंत्रं हवेच्या दाबावर चालतात आणि १० बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) जातात. २०० मीटरच्या डायव्हरची कारखान्यातली चाचणी पाण्यात २५ बारला, म्हणजे लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला दोन तास होते. तेव्हा १० बारला पास झालेलं घड्याळ विहिरीला, तलावाला भरपूर झालं, पण कारखान्याइतकं तपासलं गेलं असं समजू नका. घड्याळ देण्याआधी एवढंच विचारा, "दाब किती बारला लावता?" उत्तर आकड्यात आलं नाही तर दुसरं दुकान बघा, मग त्यासाठी संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागलं तरी चालेल.

आत खरंच पाण्याचे थेंब दिसले तर घड्याळ तांदळात पुरू नका. तांदूळ बंद घड्याळातली ओल ओढू शकत नाही आणि त्याचा भुगा चावीत जातो. उन्हातही ठेवू नका. हलवू नका, त्याच दिवशी उघडून घ्या. लोखंडी भागांवर गंज चढायला एक रात्र पुष्कळ होते.

प्रश्न : सीको एसएलए०१७ डबा-कागदांसह सेकंडहँड मिळतंय. विकणारा हैदराबादचा आहे, फोटो पाठवलेत. खरं कसं ओळखायचं? (लातूर)

आधी ते काय आहे हे नीट लक्षात घ्या. १९६५ मध्ये सीकोने जपानचं पहिलं डायव्हर घड्याळ काढलं, ६२एमएएस, १५० मीटरचं. जपानच्या अंटार्क्टिक मोहिमेतही ते गेलं होतं. २०१७ मध्ये त्याचीच नवी प्रत म्हणून एसएलए०१७ आलं. फक्त २,००० नग, ३९.९ मिलिमीटरची केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं स्टीलचं अंग, २०० मीटर, ८एल३५ हे मशीन, स्टीलची चेन आणि सिलिकॉनचा पट्टा.

फोटो मागवताना "छान फोटो पाठवा" म्हणू नका, नेमके मागा. पहिला, मागच्या झाकणाचा सरळ वरून काढलेला. त्यावर २,००० पैकी कितवा नग हे कोरलेलं असतं आणि सहा आकडी वेगळा अनुक्रमांकही असतो. सीकोच्या अनुक्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबर-डिसेंबरसाठी इंग्रजी एन आणि डी. म्हणजे ७६ ने सुरू होणारा नग जून २०१७ चा. २०१७ च्या घड्याळावर ३ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर झाकण तरी दुसरं आहे किंवा सगळंच. दुसरा फोटो गॅरंटी कार्डाचा : तोच क्रमांक, दुकानाचा शिक्का, तारीख. तिसरा, घड्याळ आणि कार्ड एकाच चौकटीत, बाजूला आजच्या तारखेची चिठ्ठी. चौथा, लग्जच्या (पट्टा जोडायच्या शिंगांच्या) कडांचा तिरप्या उजेडातला. कड धारदार आणि पॉलिशची रेघ सरळ असेल तर केस कोणी घासलेली नाही. कड साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी गोल दिसली तर किंमत तिथेच उतरवून मागा, कारण घासलेलं स्टील परत येत नाही.

हातात आलं की : चावी उलटी फिरवून मोकळी करा, मग चावी द्या. ८एल३५ ला हाताने चावी देता येते आणि चावी पूर्ण बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो. यातलं एक जरी झालं नाही तर पुढे बोलूच नका. शक्य असेल तर टायमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवून घ्या. ताशी २८,८०० ठोके, पूर्ण चावी दिलेली, डायल वर असताना आतल्या डोलणाऱ्या चाकाचा कोन २६०-२७० अंशांच्या पुढे असेल तर मशीन तब्येतीत आहे. २२० च्या खाली गेला तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्यातला फरक, एक मिलिसेकंदाच्या आत हवा.

पैसे मात्र घड्याळ हातात घेतल्यावर. हैदराबाद लातूरपासून काही लांब नाही, रेल्वेने जाऊन या.

प्रश्न : आजोबांचं फेवर लुबा सी-चीफ आहे. डायलवर काळे-तपकिरी डाग पडलेत. घड्याळजी म्हणतो, नवी डायल मारून देतो, एकदम कोरं दिसेल. द्यावं का? (जालना)

देऊ नका.

सी-चीफ नावात समुद्र असला तरी ते डायव्हर नव्हे, रोजच्या वापराचं चावीचं घड्याळ आहे. पाण्यापासून लांब ठेवा. खोल पाण्यासाठी फेवर लुबाने १९६४ मध्ये डीप ब्लू काढलं, २०० मीटरचं. १९६८ मध्ये बॅथी आलं. त्यात पाण्याच्या दाबावर चालणारं यांत्रिक खोलीमापक होतं, डायलवर काट्यानेच खोली दिसायची. त्या काळात मनगटावरच्या घड्याळात असं कुणी दिलं नव्हतं. ही दोन्ही आज संग्राहक शोधत असतात. १७३७ पासूनचं हे नाव भारतात इतकं रुजलं की २०११ मध्ये टायटनने ते विकत घेतलं होतं.

आता डायल. आपल्याकडे जुन्या डायलवर नवा रंग आणि छपाई मारून विकण्याचा धंदा जुना आहे, आणि परदेशी बाजारात अशा घड्याळांना मुंबई स्पेशल हेच नाव पडलं आहे. खऱ्या डायलवर कितीही डाग असू देत, ती त्या घड्याळाची असते. नव्याने रंगवलेली डायल बघताच जाणकार ग्राहक किंमत निम्म्यावर आणतो किंवा घड्याळ ठेवून देतो. डाग वाढू नयेत एवढंच बघा : मशीनची सर्व्हिस, काचेची रिंग नवी, कोरडी जागा. डायल पुसायलाही देऊ नका. ओल्या कापसाच्या एका फेऱ्यात छापलेलं नाव निघून जातं.

आधीच कुणी रंगवली आहे का हे दहापट भिंगाने दिसतं. मूळ छपाई पृष्ठभागावर किंचित उठलेली असते आणि अक्षरांची कड कापल्यासारखी असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड आणि कड फुटलेली. मिनिटांच्या रेघा तासांच्या चिकटवलेल्या खुणांशी जुळत नाहीत, ६ च्या खालचा स्विस हा शब्द एकीकडे सरकलेला किंवा गायब. खुणांच्या मुळाशी रंग साचलेला दिसला तर शंकाच नको, खुणा न काढता वरून फवारा मारला आहे.

आणि हो, अंधारात चमकणाऱ्या रंगाला आपण सरसकट रेडियम म्हणतो, पण साधारण १९६० च्या आधीच्या घड्याळांत तो खरोखरच रेडियम असू शकतो. चमक गेली म्हणून किरणं गेली असं नाही. रेडियमचं अर्धआयुष्य १,६०० वर्षांचं आहे, विझते ती त्यात मिसळलेली चमकणारी पूड. असा रंग खरवडू नका, त्यावर फुंकर मारू नका, स्वयंपाकघरात तर उघडूच नका. नंतर ट्रिटियम आलं, तेव्हाच्या डायलवर ६ च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी असतो. त्याचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं, म्हणून सत्तरच्या दशकातली घड्याळं आता अंधारात गप्प असतात. अशी जुनी डायल अंधारात ट्यूबलाइटसारखी हिरवी पेटली तर रंग नंतर भरला आहे.

प्रश्न : मर्यादित आवृत्ती म्हणजे दुर्मीळ, हे बरोबर ना? पुढे भाव वाढेल असं कोणतं घ्यावं? (नांदेड)

बरोबर नाही. मर्यादा किती आहे ते बघा. २०१५ मध्ये ओमेगाने बाँडपटाच्या निमित्ताने काढलेली सीमास्टर ३०० ची आवृत्ती ७,००७ नगांची होती. मागे क्रमांक आहे, दिसायला देखणं आहे, पण सात हजार म्हणजे एखाद्या मोठ्या गावाची मतदारयादी. उलट ब्लांपांने २००३ मध्ये फिफ्टी फॅदम्सच्या पन्नाशीला ५०-५० च्या तीन मालिका काढल्या, एकूण १५०. सत्तरीला, २०२३ मध्ये, ७०-७० च्या तीन. हे दुर्मीळ. फिफ्टी फॅदम्स हे नावच पन्नास वाव खोलीवरून, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि मूळ घड्याळ १९५३ चं.

शब्दही नीट वाचा. लिमिटेड म्हणजे नगांचा आकडा ठरलेला. नंबर्ड म्हणजे क्रमांक आहे, पण शेवटचा क्रमांक कुठला हे ठरलेलं नाही. स्पेशल म्हणजे दुकानदाराला जे वाटेल ते. आणि काही वेळा काहीच न लिहिलेलं घड्याळ सगळ्यांच्या पुढे जातं. रोलेक्सने २००३ मध्ये सबमरिनरच्या पन्नाशीला हिरव्या बेझलचं (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याचं) १६६१०एलव्ही काढलं, ते मर्यादित नव्हतं. २०१० ला बंद झालं आणि मग लोकांना आठवलं. त्यातही अगदी सुरुवातीच्या बेझलवरचा इंग्रजी ४ वरून सपाट आहे, त्याला जास्त पैसे मोजतात. पण बेझलची पट्टी दहा मिनिटांत बदलता येते. एका पट्टीवर जादा पैसे देण्याआधी अनुक्रमांक आणि कार्डाची तारीख त्या वर्षाशी जुळते का बघा.

भाव वाढेल म्हणून घ्यायचं असेल तर आमचं मत : नका घेऊ. सोयाबीनचा भाव तरी रोज बाजार समितीत कळतो. इथे विकायला निघाल्यावरच खरा भाव कळतो, आणि त्यातून मध्यस्थाचा वाटा जातो. आवडलं म्हणून घ्या. मग कागद, डबा, जादा कड्या आणि पट्ट्याची पिनसुद्धा टाकू नका.

प्रश्न : बेझल फिरत नाही. शेतात वापरतो, बोअरच्या पाण्याने धुतो. डब्ल्यूडी-४० मारू का? (परभणी)

मारू नका. ते रिंगेपर्यंत झिरपतं, आणि वर जो चिकट थर राहतो त्यावर काळ्या मातीची धूळ पीठ मळल्यासारखी बसते.

तुमच्या बेझलखाली दोन गोष्टी झाल्या आहेत. काळ्या रानातली बारीक धूळ घामाबरोबर आत गेली आणि बोअरच्या जड पाण्यातला क्षार त्यावर वाळून पांढरा थर झाला. त्याने बेझलखालची टिकटिक करणारी तार किंवा पातळ स्प्रिंग जाम केली आहे.

चावी घट्ट आहे ना बघा. पट्टा काढा. वाटीत कोमट पाणी घ्या, हाताला जेमतेम उबदार, ३५ अंशांचं, आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे तीन-चार थेंब. पाणी आरओचं घ्या, बोअरचं घेतलं तर परत तेच. वीस मिनिटं बुडवून ठेवा. लहान मुलांच्या मऊ ब्रशने बेझलच्या फटीत गोल फिरवत घासा. मग दोन्ही अंगठ्यांनी खाली किंचित दाबत घड्याळाच्या उलट्या दिशेने हलवा. त्याच एका दिशेने फिरायला ते बनवलंय, दुसरीकडे जोर लावला तर दात तुटतो. एक-दोन टिक सरकलं की पुन्हा बुडवा. पूर्ण फेरी १२० टिकची असते, काहींची ६०. दोन फेऱ्या सहज झाल्या की साध्या आरओच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा.

क्षार हटत नसेल तर निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी, कापसाच्या काडीवर, फक्त स्टीलला, आणि दोन मिनिटांत धुऊन टाका. अॅल्युमिनियमच्या रंगीत पट्टीला त्याचा थेंबही लागू देऊ नका. तरी हललं नाही तर सुरीने उचकटायचा मोह टाळा. सिरॅमिक पट्टीला कोपऱ्यावर दाब आला की तडा जातो आणि मग पूर्ण भागच बदलावा लागतो. जुन्या अॅल्युमिनियमची फिकट पडलेली पट्टी असेल तर दुरुस्तीला देताना पावतीवर लिहून घ्या : पॉलिश नको, काढलेला प्रत्येक भाग परत हवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही हे लिहून द्यावं लागतं. नाहीतर डायल, काटे, बेझल सगळं नवं घालून देतात आणि घड्याळ चकचकीत पण परकं होऊन येतं.

प्रश्न : घड्याळ रोज दीड मिनिट पुढे जातंय. मोटारीच्या स्टार्टरपाशी सारखं जाणं होतं म्हणून असेल का? (बीड)

स्टार्टरला दोष देण्याआधी मोबाइलचं चुंबकी कव्हर, ब्लूटूथ स्पीकर आणि पाकिटाचं चुंबकी बटण बघा. त्यांना घड्याळ चिकटून राहतं, स्टार्टरपासून हातभर लांब असता. केसासारख्या स्प्रिंगचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळायला लागतं. साधं होकायंत्र काचेपाशी न्या. सुई जागेवर झटका खाऊन फिरली तर तेच कारण. डीमॅग्नेटायझरवर (चुंबक उतरवणाऱ्या यंत्रावर) घड्याळ ठेवून बटण दाबा आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू हातभर वर उचला, मग सोडा. घड्याळ यंत्राला टेकलेलं असतानाच बटण सोडलं तर उलट जास्त चुंबक भरतो. डायव्हरच्या मानकातली चुंबक-चाचणी ४,८०० अँपिअर प्रति मीटरची आहे, कव्हरचा चुंबक टेकला तर तेवढी हद्द सहज ओलांडतो.

प्रश्न : हीलियम व्हॉल्व्ह अधूनमधून उघडून ठेवावा का? (धाराशिव)

नाही. तो आठवडेच्या आठवडे हीलियमच्या दाबाखालच्या खोलीत राहणाऱ्या पाणबुड्यांसाठी आहे. तिथे हीलियम घड्याळात शिरतो आणि दाब कमी करताना काच उडू शकते, म्हणून बाहेर पडायची वाट. धाराशिवात त्याला काही काम नाही. घट्ट ठेवा, आणि सर्व्हिसिंगमध्ये त्याचीही रिंग बदलली का विचारा. बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : जुन्या बाजारात सीको ६३०९ डायव्हर स्वस्तात मिळालं, एकदम नव्यासारखं. फसलो का? (उदगीर)

नव्यासारखं म्हणालात तिथेच उत्तर आहे. ६३०९ हे १९७६ ते १९८८ चं. नव्यासारखं असेल तर डायल, काटे, बेझल बाहेरून आणलेले आहेत. चावी बाहेर ओढून बघा. ६३०९ चा सेकंदकाटा थांबत नाही आणि त्याला हाताने चावीही बसत नाही, घड्याळ हलवूनच चालू करावं लागतं. तुमचा काटा थांबला तर मशीनही नवं घातलंय. हीच कसोटी १९९६ ते २०१९ पर्यंतच्या एसकेएक्स००७ ला लावा, त्यातलं ७एस२६ तसंच आहे. डायलच्या अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत मशीनचा क्रमांक असतो, तो मागच्या झाकणावरच्या पहिल्या चार आकड्यांशी जुळला पाहिजे. स्वस्तात मिळालं असेल तर वापरा, विहिरीत न्या, शेतात न्या. संग्रहातलं म्हणून विकू मात्र नका.

प्रश्न : मेहुणे दुबईहून घड्याळ आणणार आहेत, हातात घालून. बिल ठेवावं का? (छत्रपती संभाजीनगर)

बिल ठेवावंच, आणि विमानतळावर दाखवावंही. हातात घातलं म्हणून ते सामानातून सुटत नाही. मोफत मर्यादेच्या वरच्या किमतीवर शुल्क भरावं लागतं, आणि त्याची पावती पुढे तुमच्या घड्याळाचा सगळ्यात भक्कम कागद ठरते. उलट बाजूने, इथलं महागडं घड्याळ घालून परदेशात जाताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना कुणी विचारणार नाही. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या एफ्टा करारानुसार (स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी भारताचा व्यापार करार) टप्प्याटप्प्याने उतरणार आहे, त्यामुळे दुबईचा मोह आधीइतका फायद्याचा राहणार नाही.

इथे घेताना दोन लाख किंवा त्यावरचा व्यवहार रोखीने करता येत नाही. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर दुकानदार एक टक्का कर गोळा करतो, तो विवरणपत्रात वळता होतो. त्या टक्क्यासाठी बिल फोडून मागू नका. अर्ध्या किमतीचं बिल विम्याच्या वेळी अर्धेच पैसे देतं.

प्रश्न : सहा घड्याळं आहेत. वाइंडर (ऑटोमॅटिक घड्याळ फिरवून चालू ठेवणारं यंत्र) घ्यावा का? पावसाळ्यात कपाटात कशी ठेवायची? (हिंगोली)

वाइंडर नको. बंद पडलेलं ऑटोमॅटिक झिजत नाही, फिरत राहिलेलं झिजतं. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा हातावर घातलं तरी चालतं. बॅटरीचं असेल तर बंद पडताच बॅटरी काढून घ्या, ती गळली की मशीनच जातं.

पाच लिटरचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात ५० ग्रॅम केशरी सिलिका जेल कापडी पिशवीत, आणि एक छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत दोन तास ठेवून परत वापरा. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. एप्रिल-मेमध्ये मात्र जेल बाहेर काढा. आपल्याकडे तेव्हा हवाच इतकी कोरडी असते की चामड्याच्या पट्ट्याला भेगा पडतात.

मूळ डब्यातला स्पंज दहा-पंधरा वर्षांनी चिकट होऊन भुगा होतो आणि तो डायव्हरच्या चेनमध्ये जाऊन बसतो. म्हणून घड्याळ आणि डबा वेगवेगळे ठेवा. कपड्यांच्या कपाटात ठेवणार असाल तर डांबरगोळ्या लांब ठेवा, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिकची काच आणि पट्टे खराब होतात. पाण्यात जाणाऱ्या घड्याळाच्या रिंगा दोन-तीन वर्षांनी बदला. नुसत्या कपाटात राहणाऱ्यांच्याही पाच वर्षांनी बदला, कारण रबर पडून पडूनही कडक होतं. प्रत्येकाचा क्रमांक, झाकणाचा फोटो आणि शेवटच्या रिंग-बदलाची तारीख एका वहीत लिहा, आणि ती वही त्या डब्यात ठेवू नका.